भटके जीवाश्म : छापील असत्याला कोण सांभाळते? (थ्रेड)

१/
२० एप्रिल १९८९ रोजी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत तीन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलेंट. शीर्षकाचा आशय ‘भटक्या जीवाश्मांचे प्रकरण’ असा होता. हिमालयात सापडले म्हणून पंचवीस वर्षे ज्यांची वर्णने छापली जात होती, त्यांतले कित्येक जीवाश्म मुळात हिमालयातले नाहीतच, असे या लेखाचे म्हणणे होते. आरोप होता चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांच्यावर.

२/
विसाव्या शतकातील शास्त्रीय फसवणुकींमध्ये या प्रकरणाचे स्थान बरेच वरचे आहे. ते सांगताना बहुतेक जण एका माणसाच्या लबाडीपाशी थांबतात. माझे मत आरंभीच नोंदवून ठेवावेसे वाटते : खोटे लिहिणारा एक होता, पण ते खोटे पाव शतक सांभाळणारे अनेक होते. संपादक, परीक्षक, सहलेखक, विद्यापीठ आणि न तपासता पुढे उद्धृत करणारे आपल्यासारखे वाचक. संशोधन प्रकाशनाच्या नीतीचा खरा प्रश्न या दुसऱ्या गटाचा आहे.

३/
इतिहासाच्या वाचकाने खडकांच्या भानगडीत का पडावे? एक कल्पना करून पाहा. कोणी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक रोमन नाणे विकत घेतले आणि ‘हे तेरच्या पांढरीत सापडले’ म्हणून छापले. नाणे अस्सल, त्याचे वर्णन अचूक, छायाचित्र स्वच्छ. खोटी आहे ती फक्त जागा. पण त्या एका खोट्या जागेमुळे प्राचीन तगराच्या व्यापाराचा इतिहास बिघडतो. गुप्ता प्रकरणात नेमके हेच घडले. फक्त नाण्यांच्या जागी जीवाश्म होते.

४/
जीवाश्म ही खडकाची तारीख असते. पत्रावर मिती नसेल तर आपण अक्षर, शिक्का, उल्लेख यांवरून काळ ठरवतो. भूवैज्ञानिक तेच काम जीवाश्मांवरून करतो. अमुक प्राणी अमुक काळातच जगला, म्हणून तो ज्या थरात आहे तो थर त्या काळचा. शिवाय कोणते प्राणी कुठे सापडतात यावरून कोणता समुद्र कोणत्या समुद्राला जोडलेला होता, भूखंड कुठून कुठे सरकले, हे ठरते. जागा चुकली की तारीख चुकते आणि नकाशाही चुकतो.

५/
हिमालय या दृष्टीने अपूर्व ग्रंथालय आहे. आज जिथे बर्फ आहे तिथे एके काळी टेथिस समुद्र होता. आपल्या देव्हाऱ्यातला काळा शाळिग्राम हा त्याचाच पुरावा : नेपाळमधील गंडकीच्या पात्रात मिळणारा अमोनाइट या सागरी प्राण्याचा तो जीवाश्म असतो. स्पितीच्या खोऱ्यातील अशा थरांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. फर्डिनांड स्टोलिझ्का यांच्यासारखे संशोधक १८६०च्या दशकात तिथे पायी फिरले. तेव्हापासून हिमालयातला प्रत्येक नवा जीवाश्म जगभर कुतूहलाने पाहिला जातो.

६/
या पार्श्वभूमीवर १९६०च्या दशकापासून गुप्तांचे शोधनिबंध येऊ लागले. काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या खडकांतील नाना प्रकारचे जीवाश्म, वेगवेगळे कालखंड, देशोदेशीची नियतकालिके. पाव शतकात त्यांच्या नावावर तीनशेहून अधिक निबंध जमा झाले आणि शंभराहून अधिक सहलेखक. एखाद्या अभ्यासकाचे सारे आयुष्य एका प्राणिगटात जाते. इथे मासे, शंख, समुद्रकमळे, सूक्ष्मजीव सारेच होते. ही विपुलता पाहून प्रश्न पडायला हवा होता. पडले ते कौतुकाचे शब्द.

७/
पद्धत साधी होती. गुप्ता एखाद्या गटातील नामवंत तज्ज्ञाला नमुने देत. तज्ज्ञ ते ओळखी, वर्णन लिही. नमुना कुठे मिळाला, कोणत्या थरात, ही माहिती गुप्तांकडून येई. निबंधावर दोघांची नावे. वर्णन खरे असे, कारण ते खऱ्या तज्ज्ञाचे असे. जागेबद्दलची दोन ओळींची नोंद तेवढी खोटी असे. उत्तम तज्ज्ञाच्या नावाची सावली त्या दोन ओळींवर पडली की त्यांकडे कोणी वळून पाहत नसे.

८/
टॅलेंट यांना विसंगती जाणवत होती ती अशी, की गुप्तांचे हिमालय आणि इतरांचे हिमालय जुळत नव्हते. १९८७ साली कॅनडातील कॅलगरी येथे डेव्होनियन कालखंडावरील (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी, गुप्ता स्वतः उपस्थित असताना, हा विषय मांडला. १९८८ मध्ये जर्मनीतील सेंकेनबर्ग संस्थेच्या प्रकाशनात सविस्तर प्रबंध आला. त्याचे टॅलेंट यांच्याखेरीजचे लेखक होते गोयल, जैन आणि पिकेट. भारतीय नावे लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडेल.

९/
आता पुरावा पाहू. कोनोडोंट हे ईलसारख्या एका लुप्त सागरी प्राण्याचे दातांसारखे अवशेष. आकार वाळूच्या कणाएवढा. एका लिफाफ्यात चिमूटभर घातले तरी शेकडो मावतात. गुप्तांनी हिमालयातील म्हणून छापलेले काही कोनोडोंट अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक या प्रसिद्ध ठिकाणच्या कोनोडोंटांशी जाती, मिश्रण आणि जतनाची अवस्था या सर्व बाबतींत जुळत होते. न्यूयॉर्कचे ते नमुने जगभरच्या संग्रहांत आणि अभ्यासशाळांत पूर्वीपासून पोहोचलेले होते.

१०/
दुसरा पुरावा अधिकच बोलका. गुप्तांनी हिमालयातून नोंदवलेले काही अमोनॉइड मोरोक्कोतील एर्फूद परिसरात मिळणाऱ्या जीवाश्मांसारखे हुबेहूब होते. एर्फूदचे जीवाश्म आजही पॉलिश करून पर्यटकांना विकले जातात आणि युरोपातील दुकानांत सहज मिळतात. हिमालयातील ‘दुर्मिळ शोध’ कोणालाही थोडक्या पैशांत विकत घेता येण्याजोगा होता. वर दिलेली जुन्या बाजाराची उपमा ओढूनताणून आणलेली नाही, हे यावरून ध्यानात येईल.

११/
तिसरा पुरावा तर ग्रंथालयात बसून सापडणारा होता. एकाच नमुन्याची छायाचित्रे वेगवेगळ्या निबंधांत वेगवेगळ्या ठिकाणांच्या नावाने छापलेली होती. ही ठिकाणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर. स्थळवर्णनेही अशी मोघम, की ती वाचून दुसऱ्या कोणाला त्या थरापर्यंत पोहोचता येऊ नये. ‘अमुक गावाच्या ईशान्येस’ एवढ्यावर डोंगराळ मुलखात काय शोधणार? निबंध शेजारी ठेवून पाहणारा एक वाचकही वेळीच पुरेसा होता.

१२/
मग पंचवीस वर्षे हे पकडले का गेले नाही? पहिले कारण भूगोल. लाहौल-स्पिती, किन्नौर, झंस्कार हे सीमेलगतचे, खडतर आणि अनेक ठिकाणी परवान्याविना प्रवेश नसलेले प्रदेश. परदेशी तज्ज्ञाला तिथे जाणे अवघड, म्हणून आणून दिलेल्या नमुन्याचे मोल मोठे. दुसरे कारण विखुरलेपण. छोटे छोटे निबंध अनेक देशांच्या नियतकालिकांत पसरलेले, म्हणून सगळे एकत्र कोणाच्याच टेबलावर आले नाहीत.

१३/
तिसरे कारण मूलभूत आहे, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. प्रसिद्धीपूर्वी तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागवण्याची पद्धत त्या सोसायटीत रुळू लागली ती १८३२ पासून. ‘नेचर’ने तर प्रत्येक निबंधासाठी असे परीक्षण १९७३ मध्ये अनिवार्य केले. ज्या व्यवस्थेला आपण विज्ञानाची सनातन कसोटी समजतो, ती आजच्या सार्वत्रिक स्वरूपात फार जुनी नाही.

१४/
आणि या परीक्षणाची मर्यादा स्पष्ट आहे. परीक्षक कागद वाचतो. डोंगर चढत नाही. युक्तिवाद सुसंगत आहे का, पद्धत योग्य आहे का, आधीच्या कामाची दखल घेतली आहे का, एवढे तो सांगू शकतो. लेखकाने मुद्दाम खोटी जागा लिहिली असेल तर ते त्याला दिसत नाही. परीक्षण ही प्रामाणिक माणसाच्या चुका शोधण्याची व्यवस्था आहे. अप्रामाणिक माणसाला पकडण्यासाठी ती रचलेलीच नव्हती. ‘परीक्षित नियतकालिकात आले आहे’ या वाक्याचा अर्थ एवढाच घ्यावा.

१५/
सहलेखकांचे काय? त्यांच्या बाजूने पहिले म्हणणे असे, की विश्वासाशिवाय संशोधन चालत नाही. लिपितज्ज्ञाने ताम्रपट वाचताना तो कोणत्या शेतात मिळाला हे स्वतः खणून पाहावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. हे मला मान्य आहे. बहुतेक सहलेखक फसवले गेले होते. फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ फिलिप जाँव्हिये यांनी १९८९ मध्येच ‘नेचर’मध्ये आपल्या विश्वासाचा कसा भंग झाला, ते उघडपणे लिहिले. त्यांचा तो प्रामाणिकपणा मोलाचा होता.

१६/
तरीही एक गोष्ट उरते. निबंधावर नाव आले की श्रेय वाटून मिळते. मग जबाबदारी तेवढी एकट्याची कशी? प्रत्येक सहलेखकाने एक साधा प्रश्न विचारला असता, ‘तुमची क्षेत्रवही दाखवता का? थराचा नकाशा कुठे आहे?’ तर हे प्रकरण पाचव्या निबंधापाशी संपले असते. हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा एक गैरसमज विद्वत्‌सृष्टीत आहे. शिष्टाचाराने चौकशीला मागे सारले की लबाडीला पाय पसरायला मोकळी जागा मिळते.

१७/
गुप्तांनी आरोप फेटाळले आणि ‘नेचर’मध्येच उत्तर दिले. त्यात त्यांना काही चूक वाटत नव्हती. अशा प्रसंगी आपल्याकडे एक सूर हमखास लागतो : परक्या माणसाने आपल्या विद्वानाला का बदनाम करावे? मागे जी भारतीय नावे लक्षात ठेवायला सांगितली, ती यासाठी. १९८८च्या प्रबंधात भारतीय भूवैज्ञानिक होते. पंजाब विद्यापीठातील गुप्तांचे सहकारी एस. बी. भाटिया यांनी आक्षेपांना दुजोरा दिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील क्षेत्राभ्यासकांनीही त्या नोंदींवर बोट ठेवले.

१८/
आणि नुकसान कोणाचे झाले? न्यूयॉर्कचे काहीच बिघडले नाही; तिथले दगड तिथेच आहेत. बिघडला तो हिमालयाचा कालक्रम, म्हणजे आपलाच. वर्षानुवर्षे थंडीवाऱ्यात पाठीवर नमुन्यांची पोती वाहून प्रामाणिकपणे थर मोजणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिकाचे काम संशयाच्या छायेत गेले. देशाभिमानाच्या नावाने खोट्याला पाठीशी घालणारा माणूस प्रत्यक्षात आपल्या देशातल्या खऱ्या कामगारांचा घात करत असतो. हे इतिहासालाही तंतोतंत लागू आहे.

१९/
विद्यापीठाने काय केले? गुप्तांचे निलंबन झाले. निवृत्त न्यायमूर्तींकडून चौकशी झाली आणि त्यात ते दोषी ठरले. एवढे होऊनही नोकरी गेली नाही. ते पुन्हा रुजू झाले आणि २००२ साली नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. या प्रकरणातली सर्वांत क्लेशकारक बाब मला हीच वाटते. गुन्हा सिद्ध झाल्यावर संस्थेने जे केले, त्यातून तरुण संशोधकांना मिळालेला धडा कोणत्याही नीतिनियमावलीपेक्षा अधिक परिणामकारक ठरला असणार.

२०/
निबंधांचे काय झाले, हा त्याहून मोठा प्रश्न. छापील अंक ग्रंथालयांत उभेच राहिले. दर अंकावर कोणी ‘सावधान’ अशी चिठ्ठी डकवत नाही. मग साफसफाईचे काम इतरांच्या अंगावर पडले : १९९३ मध्ये ‘जर्नल ऑफ पॅलिऑन्टॉलॉजी’ने गुप्तांच्या कोनोडोंटविषयक निबंधांचे एकेक करून मूल्यमापन छापले. खोटे लिहायला एक दुपार पुरते. ते निस्तरायला अनेक तज्ज्ञांची अनेक वर्षे जातात. त्या वर्षांत त्यांनी जे नवे शोधले असते, त्याचा हिशेब कुठेच मांडला जात नाही.

२१/
त्या काळी निबंध मागे घेण्याची सर्वमान्य रीतच नीटशी घडलेली नव्हती. ती घडायला आणखी एक धक्का लागला. १९९४ मध्ये ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञ माल्कम पीअर्स यांचा, गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ गर्भाशयात हलवून प्रसूती यशस्वी केल्याचा निबंध आला. ती रुग्ण अस्तित्वातच नव्हती. त्याच निबंधावर नियतकालिकाच्या संपादकाचे नावही सहलेखक म्हणून होते! १९९५ मध्ये पीअर्स यांचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढण्यात आले.

२२/
अशा घटनांनी अस्वस्थ झालेल्या काही ब्रिटिश वैद्यकीय संपादकांनी १९९७ मध्ये प्रकाशननीतीसाठी एक समिती स्थापन केली. ‘कोप’ या नावाने ती आज जगभर परिचित आहे. संशय आला तर संपादकाने लेखकाला काय विचारावे, संस्थेला कधी कळवावे, निबंध दुरुस्त कधी करावा, मागे कधी घ्यावा, याच्या पायऱ्या तिने आखून दिल्या. यात एक महत्त्वाचे तत्त्व आहे : निबंध मागे घेणे ही लेखकाला दिलेली शिक्षा नाही, तो वाचकाला दिलेला इशारा आहे.

२३/
नियम झाले म्हणून आचरण आले, असे मात्र नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडू पाहणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आला, तो पूर्णपणे मागे घेतला गेला २०१० मध्ये. मधली १२ वर्षे ती भीती घराघरांत फिरत राहिली. जीवाश्मांच्या बाबतीत उशीर झाला तर नकाशा बिघडतो. इथे लहान मुलांच्या लसी चुकल्या. संपादकाच्या संकोचाची किंमत नेहमी दुसराच कोणी मोजतो.

२४/
आज रोगाचे रूप बदलले आहे. पूर्वी एक माणूस खोटे निबंध लिही. आता पैसे देऊन निबंध लिहून घेता येतात आणि पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस जर्नल्स आहेत. २०१३ मध्ये ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,०००हून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतले बहुसंख्य हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतले होते.

२५/
या कथेत पुणेही येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण ठरवून दिले. मागणी वाढली, दुकाने उघडली. आयोगाच्या मान्य यादीतच ती घुसली. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीची तपासणी मांडली. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२६/
त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे ‘केअर’ ही नवी यादी आली आणि तिचे काम पुणे विद्यापीठातील केंद्राकडे आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवड विद्यापीठांवर सोपवण्यात आली. यादी असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण संख्येवर बढती मोजली जाते तोवर कोणतीही यादी हे गाळलेल्या पाण्याचे भांडेच असेल. नळ तसाच गढूळ वाहत राहील.

२७/
आणखी एक समज दूर व्हायला हवा. वाङ्मयचौर्य शोधणारी संगणक प्रणाली वापरली की नीती पाळली, असे आपल्याकडे मानले जाते. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. गुप्तांचे निबंध या चाळणीतून घातले तर काय दिसेल? नव्या नमुन्याचे, नव्या शब्दांतले वर्णन सहज पार होईल. शब्द स्वतःचे होते, दगड दुसरीकडचे होते. साम्य मोजणारे यंत्र भाषा तपासते. पुराव्याची सत्यता तपासायला माणूस लागतो.

२८/
यावर एक रास्त आक्षेप येईल. असे बोलून आपण सगळ्या संशोधनावरचा विश्वास उडवत नाही का? ‘विद्वान सगळे विकले गेलेत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबहाद्दरांच्या हाती हे कोलीत नाही का? म्हणून टॅलेंट यांची रीत नीट पाहावी. त्यांनी हेतूंवर चर्चा केली नाही. नमुना, छायाचित्र, स्थळ, निबंध असा एकेक दाखला पुढे ठेवला. चौकशी करणारा पुरावा वाढवतो, संशय पसरवणारा फक्त आवाज वाढवतो. गुप्तांची लबाडी उघड केली ती संशोधकांनीच, संशोधनाच्याच मार्गाने.

२९/
ही शिस्त आपल्याला परकी नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि अस्सल कागदांवर इतिहास उभा करण्याचा आग्रह धरला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. कागद अस्सल की नक्कल, कोणाच्या दप्तरातला, शिक्का कोणता, अक्षर कोणत्या काळचे, जंत्रीत मिती आणि वार जुळतात का, हे प्रश्न तिथे रोजचे झाले. वतनासाठी बनावट कागद करणारे आपल्याही इतिहासात आहेत. म्हणूनच ही पारख जन्माला आली.

३०/
तेव्हा पुढल्या वेळी ‘अमुक जर्नलमध्ये सिद्ध झाले आहे’ असे कोणी सांगितले, तर थोडे थांबावे. मूळ साधन कुठे ठेवले आहे? ते दुसऱ्या कोणाला पाहता येते का? ते कुठे आणि कसे मिळाले, हे नेमके लिहिले आहे का? त्याच विषयावर काम करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकाचे म्हणणे काय? निबंध दुरुस्त किंवा मागे घेतला गेला आहे का? हे शेवटचे तर आता नियतकालिकाच्या संकेतस्थळावर मिनिटभरात कळते. उद्धृत करणे म्हणजे साक्ष देणे. न पाहिलेल्याची साक्ष देऊ नये.

३१/
संस्थांकडून माझी अपेक्षा तीन गोष्टींची आहे. नमुना वा कागद सार्वजनिक संग्रहात क्रमांकासह जमा केल्याशिवाय निबंध छापू नये. प्रत्येक सहलेखकाने नेमके काय तपासले, हे निबंधातच लिहावे. आणि दोष सिद्ध झाला तर निकाल, शिक्षा आणि बाधित निबंधांची यादी संस्थेने स्वतः जाहीर करावी. यांतली एकही मागणी खर्चिक नाही. तीनही गोष्टींना लागते ती आपल्याच सहकाऱ्याला प्रश्न विचारण्याची तयारी.

३२/
कोनोडोंटाचा एक कण टाचणीच्या टोकावर मावतो. तेवढ्याशा कणाबद्दलच्या खोट्या नोंदीने जगातल्या सर्वांत उंच पर्वताचा इतिहास पाव शतक गढूळ केला. तो निवळायला सुरुवात झाली ती कोणीतरी जुने अंक शेजारी शेजारी ठेवून, छायाचित्रे जुळवून पाहिली म्हणून. ते अंक आजही ग्रंथालयांत आहेत, आणि त्यांच्याशेजारी इतिहासाचेही पुष्कळ अंक आहेत. ते तपासायला परवाना लागत नाही.

मतभेद असतील तर दाखल्यासह जरूर मांडा.

#इतिहास #संशोधननीती #मराठी_थ्रेड